सेल्फ नुसता ‘टक’ करतोय. बॅटरी नवी, सोलेनॉइड नवं, तरी तेच

काळी_माती | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४०

मंडळी, डोकं चालेना म्हणून धागा काढतोय. तालुका करमाळा, गाव उजनीच्या फुगवट्याकडेचं. ट्रॅक्टर मॅसी १०३५, तीन सिलिंडर. वडिलांनी १९९१ ला घेतलेला, म्हणजे माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. इंजिनाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. एकदा लागला की दिवसभर बिनबोभाट चालतो. रडगाणं फक्त लागण्याचं आहे.

सकाळी थंड असताना सेल्फ मारला की कण्हत-कुंथत चार-पाच फेऱ्या, भरपूर पांढरा धूर, मग सुरू. दुपारी तास-दोन तास काम करून बंद केला आणि पुन्हा चावी फिरवली की नुसतं ‘टक’. एकदाच. पुन्हा चावी, पुन्हा ‘टक’. वीस मिनिटं बाभळीखाली बसलं की काही झालंच नाही अशा थाटात लागतो.

आतापर्यंत केलेले उद्योग: जूनमध्ये नवी बॅटरी. मग नवं सोलेनॉइड (सेल्फवरचा, मोटरला करंट जोडून देणारा जाड स्विच). मग सेल्फ काढून तालुक्याला नेला, कार्बन (मोटरला करंट देणारे घासते ठोकळे) बदलले. साडेनऊ हजार गेले. फरक शून्य.

ज्वारीचं रान वाफशावर आलंय आणि मी पाने घेऊन ट्रॅक्टरखाली पडलोय.

नुसताच_वाचक | रात्री ९.५२

पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून सल्ला देतो: धक्का मारा.

काळी_माती | रात्री ९.५५

मारतोय की. रोज संध्याकाळी शाळेच्या उतारावर लावून ठेवतो. सकाळी पोरं कंपाउंडवर बसून ‘एक, दोन, तीन’ मोजतात.

खडखडाट | रात्री १०.१०

आर्मेचर (मोटरचा आतला फिरता भाग) गेलं. गरम झालं की शॉर्ट होतं. नवा सेल्फ टाका, विषय संपवा. जुन्या मशिनवर खर्च करायला मागंपुढं पाहू नये.

डेपोकाका | रात्री १०.३१

खडखडाटराव, न बघता आर्मेचर मारून टाकलंत! एसटीच्या डेपोत एकतीस वर्षं काढली. चांगले सेल्फ उगाच खोलले जाताना इतके पाहिलेत की मोजदाद ठेवली नाही.

काळीमाती, मला एवढंच सांगा. अंधारात हेडलाइट लावून चावी फिरवा. ‘टक’ होतं तेव्हा दिवे काय करतात? दिवे पार मालवले तर करंट जातोय, पण बॅटरीत दम नाही, टर्मिनल सैल आहे किंवा सेल्फ जाम आहे. दिवे जसेच्या तसे राहिले तर करंट सेल्फच्या मोटरपर्यंत पोचतच नाही. मग सोलेनॉइडचे आतले पॉइंट, कार्बन, नाहीतर सोलेनॉइड पुरतं ओढलं जात नाही. आणि ‘टक’ एकच आहे की ‘टकटकटकटक’? माळ लागल्यासारखं वाजत असेल तर वेगळा रोग.

ऊस_आणि_बरंच_काही | रात्री १०.४८

आमच्याकडे (वाळवा) मागच्या वर्षी असंच, पण आवाज निराळा होता. सेल्फ ‘घुईंऽऽ’ करून एकटाच फिरायचा, इंजिन जागचं हलायचं नाही. पिनियनचा, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या सेल्फच्या दातेरी चाकाचा, क्लच घसरत होता. तो बदलल्यावर कळलं की फ्लायव्हीलच्या रिंगचेही दात खाल्लेत, तेही ठरावीक जागीच. इंजिन बंद होताना दर वेळी त्याच दोन-तीन ठिकाणी थांबतं ना, पिनियन तिथंच आपटत राहतो. तुमचा ‘टक’ त्यातला वाटत नाही, पण सेल्फ पुन्हा काढाल तेव्हा त्या भोकातून टॉर्च मारून दात बघून घ्या. माझे बघायचे राहिले आणि ट्रॅक्टर दोनदा फोडावा (इंजिन आणि गिअरपेटी वेगळी करावी) लागला.

बाकी एक विचारते. दुपारी लागत नाही तेव्हा तुम्ही नक्की काय करता? वीस मिनिटं बाभळीखाली बसणारा शेतकरी मी अजून पाहिला नाही.

काळी_माती | १३ ऑक्टोबर, सकाळी ६.२०

ताई, पकडलंत. पाना लावतो. खाली उभं राहून सोलेनॉइडच्या मोठ्या बोल्टवरून बारक्या टर्मिनलला. ठिणगी पडते आणि लगेच लागतो.

डेपोकाका, बघितलं. थंड असताना दिवे चांगलेच मंद होतात आणि सेल्फ रखडत फिरतो. काल संध्याकाळी गरम असताना ‘टक’ला दिवे पापणी लवल्यासारखे लवले, मग होते तसे. ‘टक’ एकच, तोही मऊ.

ऊस_आणि_बरंच_काही | सकाळी ६.४५

मग आधी हे वाचा. आमच्या भावकीतल्या एकानं असाच खाली उभं राहून पाना लावला. ट्रॅक्टर गिअरमध्ये होता. इंजिन धरलं, मागचं चाक मांडीवरून गेलं. दोन शस्त्रक्रिया झाल्या, आजही पायरी चढताना थांबतो. सेल्फ लावायला उभं राहायची जागा नेमकी चाकाच्या पुढ्यात असते आणि सीटवर कुणी नसतं. मी आमच्या ड्रायव्हरच्या हातातला पाना काढून घेतलाय.

आयटीआय_मास्तर | सकाळी ७.३०

ताईंशी पूर्ण सहमत. पण त्यांच्या प्रश्नामुळे निदानही पुढे सरकलं. पाना लावला की लगेच लागतो, म्हणजे गरम असतानाही मोटर, कार्बन आणि सोलेनॉइडचे पॉइंट काम करतात. चावीकडून येणाऱ्या बारक्या वायरीत जोर नाही. थंड असताना रखडणं हा दुसरा रोग. तुम्ही दोन्हींवर एकच औषध शोधताय म्हणून गुण येत नाही.

आता काहीही खोलू नका. दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर ठेवा. एकाने सीटवर बसायचं, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना दगड. इंजिन बंद करायची ओढणी ओढूनच ठेवायची, म्हणजे डिझेल जाणार नाही आणि सेल्फ मारला तरी इंजिन धरणार नाही. दुसऱ्याने मीटर धरायचा. तोही चाकाच्या वाटेत नाही, आणि पंख्यापासून लांब. सेल्फ पाचच सेकंद, मग मिनिटभर विश्रांती.

पहिलं रीडिंग बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर. क्लॅम्पवर नाही, खुंटीवर. दुसरं, मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लस खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. तिसरं, एक सुई बॅटरीच्या मायनस खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर, रंग खरवडून. ही तिन्ही सेल्फ फिरत असतानाच घ्यायची. चौथं गरम असताना, चावी ‘टक’ला धरून: सोलेनॉइडचं बारकं टर्मिनल आणि सेल्फची बॉडी.

दुसऱ्या-तिसऱ्या रीडिंगचा अर्थ समजून घ्या, कारण इथेच लोक गडबडतात. केबलच्या दोन टोकांना मीटर लावला की खरं तर शून्य दिसायला हवं, कारण ती एकच तार आहे. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे त्या तारेने वाटेत खाल्ले. डिझेल इंजिनचा सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो. जोडात एका ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा असला तरी दोनशे अँपिअरला दोन व्होल्ट गेले. साध्या टेस्ट लॅम्पला हे कधीच दिसत नाही. दिवा अर्धा अँपिअर मागतो, त्याला सडलेली तारही पुरते. त्यामुळे ‘करंट तर येतोय’ असं म्हणून सगळे सेल्फ खोलायला लागतात.

प्लसच्या बाजूला अर्धा व्होल्ट, मायनसच्या बाजूला पाव. त्याच्या वर गेलं की तिथं शोधायचं.

खडखडाट | सकाळी ८.०२

मास्तर, एवढं कोण करतं? गॅरेजवाला दहा मिनिटांत सांगतो.

डेपोकाका | सकाळी ८.१५

सांगतो. साडेनऊ हजारात सांगितलंच की.

काळी_माती | १३ ऑक्टोबर, रात्री ८.५०

केलं. भाच्याला सीटवर बसवला. रीडिंग:

बॅटरी बसलेली: १२.६
सेल्फ फिरताना बॅटरी: १०.४
प्लस खुंटी ते सेल्फचा बोल्ट: ०.९
मायनस खुंटी ते सेल्फची बॉडी: २.३ (तीनदा बघितलं, तेवढंच)
गरम असताना, ‘टक’ धरून, बारकं टर्मिनल: ६.८. त्याच वेळी बॅटरी १२.३ वर.

मास्तर, २.३ म्हणजे बरंच झालं ना?

आयटीआय_मास्तर | रात्री ९.१०

बरंच? हिशेब करा. बॅटरी देतेय १०.४. त्यातले ०.९ जाताना गेले, २.३ परत येताना गेले. मोटरच्या वाट्याला ७.२ उरले. तुमचा सेल्फ बारा व्होल्टचा आहे आणि तुम्ही त्याला सातवर राबवताय. म्हणून तो रखडतो. रखडला की सिलिंडरमधली हवा पुरती तापत नाही, डिझेल न जळता बाहेर पडतं. तो तुमचा पांढरा धूर. डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो, हवा सोळा-सतरा पट दाबून तापवण्यावरच सगळा खेळ. हळू दाबली की उष्णता सिलिंडरच्या भिंती पिऊन टाकतात.

अर्थची पट्टी, म्हणजे बॅटरीच्या मायनसची केबल, कुठं बसवलीय?

काळी_माती | रात्री ९.२४

बॅटरीच्या पेटीखालच्या अँगलला. आणि आता लिहिताना लाज वाटतेय. गेल्या वर्षी खंडेनवमीच्या आधी ट्रॅक्टरला मी स्वतः लाल रंग मारला. पट्टी काढली, अँगल रंगवला, वाळल्यावर वरून पट्टी आवळली. वॉशरही रंगवलेला.

सकाळचं रखडणं त्यानंतरच्याच थंडीत सुरू झालं होतं. आम्ही म्हटलं, बॅटरी म्हातारी झाली.

नुसताच_वाचक | रात्री ९.२६

म्हणजे पूजा केली आणि अर्थ गेला.

डेपोकाका | रात्री ९.४०

हसू नका, डेपोतही रंगरंगोटी झाली की पुढचे आठ दिवस असल्याच तक्रारी यायच्या. पट्टी अँगलला नकोच. ट्रॅक्टरला वेगळी चासी नसते, इंजिन आणि गिअरपेटी हाच त्याचा कणा. मायनसची केबल सरळ सेल्फच्या माउंटिंग बोल्टला आणा. जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करा, आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग आवळणारे बहाद्दर पण आहेत.

काढताना मायनस पहिली, जोडताना मायनस शेवटी. पाना चुकून बॉडीला टेकला तर प्लसवर फटाका फुटतो, आणि बॅटरीतून निघालेला वायू साचलेला असला तर बॅटरीही. आमच्या डेपोत एकाच्या चष्म्यानं डोळे वाचवले होते.

खडखडाट | रात्री १०.०५

केबलच बदलायची तर खांबावरून घराच्या मीटरला येते ती जाड सर्व्हिस वायर वापरा. माझ्याकडे दोन वर्षं चालतेय.

आयटीआय_मास्तर | रात्री १०.२०

ती बहुधा ॲल्युमिनियमची असते. ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्के वीज नेतं, शिवाय थरथराटात जोड सैल होतो, तांब्या-पितळेच्या टोकाशी लागून गंजतो. तुमच्याकडे चालतेय यात श्रेय तुमच्या नशिबाचं, तारेचं नाही. ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची बारीक तारांची केबल घ्या. थिंबल (केबलच्या टोकाची कडी) हातोडीनं ठोकू नका. गावात पाणबुडी मोटरी रिवाइंड करणारा असेल, त्याच्याकडे थिंबल दाबायचं यंत्र असतं.

बारक्या टर्मिनलवर ६.८ हा मात्र वेगळा प्रश्न. सोलेनॉइडला ओढून घ्यायला साधारण आठ व्होल्ट तरी लागतात. त्याच्या आत दोन गुंडाळ्या असतात: एक जोरात ओढणारी, एक ओढलेलं धरून ठेवणारी. ओढणारी क्षणभर तीस-चाळीस अँपिअर मागते. बॅटरीपासून चावी, चावीपासून सेल्फ, एवढ्या लांब, तेहतीस-चौतीस वर्षांच्या वायरीत ते मिळत नाहीत. थंड असताना कसंबसं भागतं. इंजिनाच्या धगीनं गुंडाळी साठ अंशांनी जास्त तापली की तांब्याचा अडथळा पावपट वाढतो, ओढ कमी होते. प्लंजर (आतला सरकता लोखंडी दांडा) अर्ध्यातच थांबतो, पॉइंट टेकत नाहीत. हाच तुमचा मऊ ‘टक’. नवं सोलेनॉइड टाकून काय होणार, त्यालाही ६.८च मिळतायत.

ती वायर हाताने चाचपत जा, आणि कुठं टेप दिसली तर थांबा.

काळी_माती | १४ ऑक्टोबर, दुपारी १.१५

थांबलो.

गिअरपेटीच्या झाकणावर, हाय-लोच्या दांड्यापाशी, काळ्या टेपचा हा एवढा गोळा. उसवला तर आत दोन वायरी नुसत्या पिळा मारून जोडलेल्या, तांबं हिरवं पडलेलं, टेप तेलात भिजून चिखल. शेजारी न्यूट्रलचा स्विच (गिअर न्यूट्रलला असेल तरच सेल्फ लागू देणारा) तसाच, रिकामा. माझ्या आठवणीत या ट्रॅक्टरचा सेल्फ कुठल्याही गिअरला लागायचा. मला वाटायचं याला तो स्विचच नसतो!

आईला विचारलं. म्हणाली, तू कॉलेजला होतास तेव्हा एकदा लागत नव्हता, एक मिस्त्री आला होता, ‘हे काढून टाकतो, कटकट नको’ म्हणाला. वडील असते तर त्यांनी नाव सांगितलं असतं. सांगून तरी काय उपयोग.

म्हणजे ज्या जोडामुळं दुपारी लागत नव्हता, म्हणून मी पाना लावत होतो, त्याच जोडानं गिअरमध्ये लागायची सोयही करून ठेवली होती. ताई, तुमचा निरोप आता दुसऱ्यांदा वाचला.

ऊस_आणि_बरंच_काही | दुपारी १.३०

तिसऱ्यांदा भाच्याला वाचून दाखवा.

डेपोकाका | दुपारी २.०५

स्विच फेकू नका. बहुतेक चांगलाच असतो, आत घाण बसलेली असते. काढा, डिझेलनं धुवा, दांडा न्यूट्रलला असताना मीटरवर ‘पीं’ वाजतं का बघा. वाजलं तर परत लायनीत.

आणि रिले टाका, म्हणजे बारक्या करंटनं चालणारा मोठ्या करंटचा स्विच. चावी आणि न्यूट्रल स्विचमधून फक्त रिलेचं चिमूटभर करंट जाईल. सोलेनॉइडला लागणारे अँपिअर बॅटरीच्या केबलवरून रिलेतून सरळ, हातभर वायरीत. हेडलाइटचा साधा रिले नको. त्याचे पॉइंट चिकटले तर चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो, मग बॅटरीची केबल उपटायला धावा. सेल्फसाठीचा जाड पॉइंटचा मागून घ्या.

नुसताच_वाचक | दुपारी २.२०

मी गाडीचं बॉनेट आयुष्यात दोनदा उघडलंय, त्यातलं एकदा चुकून. तरी हा धागा मालिकेसारखा वाचतोय.

काळी_माती | १६ ऑक्टोबर, रात्री ९.०५

झालं. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून केबली करून आणल्या. जुनी प्लसची केबल वरून चांगली दिसत होती, रबर कापलं तर थिंबलपासून वीतभर आत हिरवी भुकटी. नवी मायनस थेट सेल्फच्या बोल्टला. न्यूट्रल स्विच धुतला, ‘पीं’ वाजलं, लायनीत घेतला. रिले बॅटरीच्या पेटीच्या बाजूला.

नवी रीडिंग: प्लसच्या बाजूला ०.३, मायनसच्या बाजूला ०.२, गरम असताना बारक्या टर्मिनलवर ११.४.

सकाळी चावी फिरवली आणि मी दचकलो. इतक्या जोरात फिरताना हा सेल्फ मी कधी ऐकलाच नव्हता. दुसऱ्या फेरीत धरलं. धूर आला तेवढा आला. दुपारी मुद्दाम तीन वेळा बंद करून लावला. तिन्ही वेळा लागला.

एक शंका राहिली. सेल्फ फिरताना बॅटरी आधी १०.४ वर राहायची, आता १०.१ वर जाते. दुरुस्तीनंतर बॅटरी जास्त खाली कशी?

खडखडाट | रात्री ९.१२

बघा. बॅटरी बाद.

आयटीआय_मास्तर | रात्री ९.३०

उलटं आहे. आधी वाट अडलेली होती, मोटर मागेल तेवढा करंट बॅटरीतून निघतच नव्हता. आता वाट मोकळी झाली, करंट वाढला, म्हणून बॅटरी थोडी जास्त दबते. बघायचं ते मोटरच्या वाट्याला काय आलं ते: १०.१ मधून अर्धा व्होल्ट वजा, ९.६. आधी ७.२ होते. साडेनऊच्या खाली जायला लागली तर बॅटरी चार्ज करून पाण्याची पातळी बघा. डिस्टिल्डच घाला, बोअरचं नाही.

खडखडाटराव, तुमच्या ॲल्युमिनियमच्या वायरीवर दुसरं-तिसरं रीडिंग घेऊन इथं टाका. प्रामाणिकपणे.

डेपोकाका | रात्री ९.४८

एक सांगून ठेवतो. साताठ व्होल्टवर वर्षभर राबलेल्या सेल्फचे बुश (आर्मेचरचा दांडा ज्यात फिरतो त्या नळ्या) झिजलेले असू शकतात. बुश झिजला की आर्मेचर खाली लवतं आणि फिल्डच्या लोखंडाला घासायला लागतं. तेव्हाही गरम झाल्यावर सेल्फ जड फिरतो, पण ‘टक’ करून थांबत नाही. तसं झालं तर बुश बदला. नवे बुश घालायच्या आधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. आत्ता खोलू नका. रान पेरा.

खडखडाट | १७ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

मायनस ०.३. प्लस १.६.

केबल कुठून आणली म्हणालात?

काळी_माती | १७ ऑक्टोबर, रात्री १०.१५

व्यनि (खासगी निरोप) केलाय.

आज सहा एकर उरकलं. मधे जेवायला बंद केला, चहाला बंद केला. आधी बंद करायची भीती वाटायची म्हणून जेवतानाही धडधडत ठेवायचो. तेवढं डिझेल वाचलं ते वेगळंच.

संध्याकाळी सवयीनं शाळेच्या उतारावरच लावला. सकाळी पोरं कंपाउंडवर बसलेली असतील.